पोयीतून झरणारा रस : माड छेवण्याच्या धंद्याचा इतिहास

माडाच्या शेंड्यावर, झावळीच्या बेचक्यात, न उमललेल्या पोयीच्या टोकाला काप दिला की काही दिवसांनी तिथून रस ठिबकू लागतो. गोव्यात या रसाला सूर म्हणतात, कोकणात माडी. ताडापासून मिळते ती ताडी आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदी. हा रस म्हणजे मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. झावळ्यांनी उन्हात तयार केलेली साखर पाण्यात विरघळून फुलोऱ्याकडे, म्हणजे होऊ घातलेल्या नारळांकडे निघालेली असते. माड छेवणारा ती वाटेत अडवतो आणि मडक्यात उतरवून घेतो. झाडाच्या अंगातल्या या प्रवाहावर शेकडो वर्षे एक धंदा उभा राहिला आणि त्या प्रवाहावर हक्क कोणाचा, यावरून जमीनमालक, छेवणारा आणि सरकार यांच्यात तितकीच वर्षे ओढाताण चालली.

झाडाच्या अंगात दोन वेगळे मार्ग असतात. जलवाहिन्यांतून पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजे मुळांकडून पानांकडे जातात. या वाहिन्यांच्या पेशी मेलेल्या, पोकळ असतात. पानांतून बाष्प उडून जाते, त्याच्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. हे पाणी ताणाखाली असल्यामुळे दिवसा जलवाहिनी कापली तर बाहेर पाणी येण्याऐवजी बहुधा आत हवा शिरते. रसवाहिन्यांचे उलटे असते. त्यांच्या पेशी जिवंत असतात, एकमेकींना चाळणीसारख्या पडद्यांनी जोडलेल्या असतात आणि आतला साखरेचा पाक मोठ्या दाबाखाली असतो. तिथे काप बसला की रस बाहेर येतो. ताज्या सुरेत शेकडा १५च्या आसपास साखर असते, तीही जवळजवळ सगळी उसाच्या साखरेच्या जातीची. सोबत अमिनो आम्ले असतात आणि पोटॅशियम भरपूर असते. मुळांकडून चढणाऱ्या पाण्यात इतकी साखर कधीच नसते.

माडाची अंतर्रचना आंबा-फणसासारखी नाही. आंब्याच्या खोडात रसवाहिन्या सालीलगत कड्यासारख्या असतात आणि दरवर्षी नव्या तयार होतात. माड, ताड, शिंदी ही गवताच्या कुळाशी दूरचे नाते सांगणारी झाडे. त्यांच्या खोडात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांच्या जोडजुड्या आडव्या छेदात सर्वत्र विखुरलेल्या दिसतात, प्रत्येक जुडीला कठीण धाग्यांचे कवच असते. खोड एकदा तयार झाले की त्यात नव्या वाहिन्या पडत नाहीत. साठ-सत्तर वर्षांच्या माडाच्या बुंध्यात रस वाहतो तो बुंधा घडला तेव्हाच्याच पेशींतून. जिवंत पेशी इतकी वर्षे काम करत राहण्याची उदाहरणे वनस्पतिसृष्टीत थोडी आहेत.

याच रचनेमुळे छेवणाऱ्यांची एक जुनी रीत झाडाला पेलते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात छेवायच्या माडाच्या खोडाला पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडलेल्या असतात. आंब्याच्या खोडाची साल सभोवार काढली तर झाड वाळते, कारण मुळांकडे जाणारे अन्न तुटते. माडाला खाचा पाडल्या तरी आतल्या बहुतेक जुड्या शाबूत राहतात आणि झाड जगते. मात्र माडाची जखम भरून येत नाही. पाडलेली खाच झाडाच्या आयुष्यभर तशीच राहते. म्हणूनच आज सूर न काढणाऱ्या कुळागरातही जुन्या माडांवरच्या खाचांवरून तो माड एकेकाळी छेवला जाई, हे ओळखता येते.

छेवण्याचे काम धीराचे आहे. फुलोरा अजून पोयीच्या आवरणात मिटलेला असताना त्याची निवड होते. पोय फुटू नये म्हणून तिला दोरीने किंवा झावळीच्या चिरफळीने घट्ट बांधतात. मग काही दिवस लाकडाने किंवा हाडाने तिच्यावर सगळ्या बाजूंनी हलके ठोके देतात आणि तिला हळूहळू खाली वाकवतात. जोर जास्त झाला तर आतल्या कोवळ्या फुलांचा चेंदा होऊन पोय कुजते, कमी झाला तर रस धरत नाही. हे माप हातातच असते. त्यानंतर टोकाला काप देऊन खाली मडके अडकवतात. रस सुरू झाल्यावरही काम संपत नाही. कापलेल्या जागी चाळणीची छिद्रे कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजू लागतात, जंतू वाढतात आणि धार मंदावते. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पातळ चकती कापून नवा छेव द्यावा लागतो. गोव्यातले रेंदेर, म्हणजे माड छेवणारे, दिवसातून तीनदा माड चढत, दोनदा रस उतरवायला आणि दुपारी केवळ छेव द्यायला. एक पोय महिनाभर किंवा त्याहून थोडी अधिक चालते आणि तोवर वरच्या झावळीच्या बेचक्यात दुसरी तयार होते. चांगला माड दिवसाला साधारण दीड-दोन लिटर रस देतो. त्या पोयीला लागणारे नारळ अर्थात गमवावे लागतात.

हे काम फार जुने आहे आणि त्याची पद्धत फारशी बदललेली नाही, याचा एक सुरेख पुरावा १४व्या शतकातला आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील धोफारच्या वर्णनात माडाच्या मधाची कृती सांगितली आहे. माणूस सकाळी आणि संध्याकाळी माडावर चढतो, नारळ ज्यातून येणार तो देठ दोन बोटे ठेवून कापतो, त्याला लहानसे भांडे बांधतो. पुढच्या खेपेला जमलेला रस ओतून घेतो, देठ पाण्याने धुतो, पुन्हा थोडा कापतो आणि भांडे परत बांधतो. पुरेसा रस जमला की तो आटवून घट्ट मध करतात आणि भारत, येमेन व चीनचे व्यापारी तो विकत घेतात. देठ धुण्याचा आणि पुन्हा कापण्याचा तपशील त्याने टिपला, यावरून त्याने हे काम जवळून पाहिले असावे. रस धरून ठेवण्याची सगळी युक्ती त्या दोन कृतींत आहे.

गोव्यातल्या सुरेचे पहिले तपशीलवार पोर्तुगीज वर्णन गार्सिया द ओर्ता या वैद्याचे. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माडावरच्या प्रकरणात सूर, ती गाळून केलेली दारू आणि आटवून केलेला गूळ या तिन्हींची माहिती आहे. ओर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते, तेव्हा माडांच्या बागांचे उत्पन्न हा त्याच्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नव्हता. पुढे जेझुइट पंथातल्या एका अनामिक लेखकाने 'आर्ते पाल्मारिका' ही माडाच्या लागवडीची पोथी लिहिली. माड हे राज्याच्या आणि धर्मसंस्थांच्या उत्पन्नाचे साधन झाले होते, हे त्यातून दिसते.

गोव्यात जमीन भाटकाराची आणि कसब रेंदेराचे, अशी वाटणी होती. रेंदेर भाटकाराकडून माड खंडाने घेई आणि खंड रोख किंवा मालाच्या रूपात चुकवी. रेंदेरांत ख्रिस्ती होते तसे हिंदू भंडारीही होते. घरोघरच्या स्वयंपाकात सुरेची गरज पडे. सणासुदीच्या सान्नांचे पीठ सुरेने फुगे, पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पावाच्या कणकेत यीस्टऐवजी सूर घालत आणि आंबून आंबट झालेल्या सुरेचा शिर्का विंदालू-सोरपोतेलात पडे. गाळलेल्या सुरेची माडाची फेणी होई. काजूचे झाड पोर्तुगीजांनी १६व्या शतकात आणले, काजूची फेणी त्यानंतरची. आज फेणी म्हटले की काजूच आठवतो, पण माडाचा मान जुना आहे.

उत्तरेकडे, मुंबईच्या बेटांवर, माडांची दाट बने होती. माहीमचे बन त्यात प्रसिद्ध. तिथे आणि गिरगाव-परळपर्यंत भंडारी माड छेवत. कोकणातला हा समाज केवळ छेवणाऱ्यांचा नव्हता. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा सरदार मायनाक भंडारी याने १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांना तोंड दिले. मुंबईत गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने १६७०च्या आगेमागे भंडाऱ्यांचे शिबंदी पथक उभे केले, ते शहराच्या पोलीस दलाचे आद्य रूप मानले जाते. त्या काळी माडांच्या बुंध्याशी सडक्या मासळीचे खत घालण्याची रीत होती. नवे आलेले इंग्रज त्या दुर्गंधीलाच बेटावरच्या रोगराईचे कारण समजत आणि पुढे या खतावर बंदी आली. रोगाचे कारण त्यांनी चुकीचे ठरवले होते, पण खताची उपयुक्तता बागायतदारांनी बरोबर ओळखली होती. मासळीतला नायट्रोजन आणि फॉस्फरस मुळांवाटे झावळ्यांत पोचतो आणि साखर तयार करणाऱ्या पानांचे बळ वाढवतो. छेवलेल्या माडातून रोज साखर आणि पोटॅशियम बाहेर जात असते, त्याची भरपाई जमिनीला करावीच लागते.

झाडातल्या रसाच्या वाटेचा शोध युरोपातही तेव्हा सुरू होता. १६७०च्या दशकात इटलीत बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने खोडाभोवतीची साल कड्यासारखी काढून पाहिली. कड्याच्या वरचा भाग फुगला, खालचा तसाच राहिला. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली येते, असा निष्कर्ष त्याने काढला. १७२७ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन हेल्सने पानांतून बाष्प किती जाते आणि मुळे पाणी किती जोराने ओढतात, हे मोजले. १८३७ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिगने चाळणीसारख्या पडद्यांच्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या. हे सारे ओक, सफरचंद, द्राक्षवेल अशा झाडांवर झाले. ज्याला सालीचे कडेच नाही अशा माडाला ते जसेच्या तसे लावता येईना. माडातून रस का गळतो, हा प्रश्न युरोपीय विज्ञानाने हाती घेईपर्यंत १९वे शतक संपत आले होते.

तोपर्यंत भारतातल्या सरकारने रसाचा हिशेब मांडला होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माड-ताड छेवायला परवाना आणि झाडामागे कर लागू झाला. घरच्या ताडाची ताडी घरात पिणे, हे ठाणे जिल्ह्यात आणि दक्षिण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. ते आता कर भरल्याशिवाय गुन्हा ठरू लागले. झाडावरचा कर वाढवत नेला की छोट्या छेवणाऱ्याला परवडेनासे होई आणि गिऱ्हाईक सरकारी परवान्याच्या दुकानाकडे, मोहाच्या दारूकडे वळे. मक्ते आणि दुकाने या पट्ट्यात बहुतांशी पारशी व्यापाऱ्यांकडे गेली. झाड चढण्याचा धोका छेवणाऱ्याचा, मिळकतीचा मोठा वाटा दुसऱ्याचा, अशी स्थिती झाली. या धंद्याच्या इतिहासातला हा सर्वांत अन्यायाचा काळ म्हणावा लागेल.

गोवाही यातून सुटला नाही. १८७८ च्या अखेरीस ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले, तसेच ब्रिटिश हद्दीशी जुळणारी अबकारी पद्धत गोव्यात आली. हा करार १८९२ मध्ये संपला, पण कराची सवय राज्यकर्त्यांना लागली ती लागलीच.

करांचा जाच सोसलेल्या आदिवासींतून १९२२-२३ मध्ये एक विलक्षण चळवळ उठली. पालघर तालुक्यातल्या मच्छिमार वस्त्यांत देवीचा कोप शमवण्यासाठी सुरू झालेला संचार डोंगराळ भागातून उत्तरेकडे दक्षिण गुजरातेत पसरला. तिथे अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी आज्ञा देऊ लागली : दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी दुकानदाराच्या वाटेला जाऊ नका. हजारो आदिवासींनी शपथ घेतली. बाहेरच्या सुधारकांनी ही चळवळ घडवली नव्हती, ते नंतर येऊन तिला मिळाले.

विज्ञानाची वाट याच्या आधीच, १९व्या शतकाच्या अखेरीस, जावा बेटाकडून पुढे सरकली होती. ऑस्ट्रियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश जावात राहून आला आणि माड व साखरताड यांच्या रसावरचे त्याचे निरीक्षण १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुळे खालून पाणी ढकलतात म्हणून रस गळतो, हा तर्क त्याने खोडून काढला. त्याआधी चार वर्षे डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी पाणी ओढीने वर चढते, हा सिद्धांत मांडला होता. राहिला प्रश्न साखरेच्या वाटेचा. १९३० मध्ये जर्मनीच्या एर्न्स्ट म्युंशने त्याचे उत्तर दिले. पानात साखर रसवाहिनीत भरली जाते, तिच्यामागे परासरणाने पाणी शिरते, दाब वाढतो. जिथे साखर वापरली जाते तिथे दाब कमी असतो. या दोन टोकांतल्या फरकामुळे पाक वाहतो. छेव दिलेल्या पोयीत खालचे टोक उघडेच केलेले असते, त्यामुळे तिथला दाब आणखी उतरतो आणि धार त्या बाजूला वळते. १९३३ मध्ये डच इंडीजमध्ये काम करणाऱ्या तामेसने ताडवर्गीय झाडांच्या गळणाऱ्या रसाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे तो रस चाळणी-नलिकांतूनच येतो हे पक्के होत गेले. १९५३ मध्ये केनेडी आणि मिटलर यांनी मावा या किडीच्या सोंडेतून शुद्ध रस मिळवण्याची रीत दाखवली. तोवर रसवाहिन्यांतला भरपूर रस हवा असेल तर ताडवर्गीय झाडांइतका सोपा स्रोत दुसरा नव्हता.

बंगालमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ मध्ये झाडातला रस जिवंत पेशींच्या स्पंदनाने वर चढतो, असे मांडले. ते मत टिकले नाही. मात्र शिंदीच्या झाडाच्या दिवस-रात्रीच्या हालचालींसारख्या गोष्टी त्यांनी ज्या बारकाईने नोंदवल्या, त्यांचे मोल उणे होत नाही.

दारूबंदीच्या काळात माड-ताडाच्या रसाला नवे नाव आणि नवी प्रतिष्ठा मिळाली. आंबण्याआधीचा गोड रस म्हणजे नीरा. साखर झाडाच्या अंगात असते तोवर तिथे यीस्ट नसते. काप दिलेल्या जागी आणि मडक्यात ते येते आणि काही तासांत रस आंबतो. म्हणून नीरा पहाटे, उन्हाआधी उतरवतात आणि मडक्याला आतून चुना लावतात. चुन्याने रस अल्कधर्मी राहतो, यीस्ट दबते. वर्ध्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा उद्योग हाती घेतला. गजानन नाईक यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ताडी बंद पडली तर छेवणारे उपाशी राहतील, त्यांच्याच हातांना नीरा आणि गूळ यांचे काम द्यावे, हा विचार त्यामागे होता. या सगळ्या इतिहासात छेवणाऱ्याच्या पोटाचा विचार आधी करणारे प्रयत्न थोडे झाले, त्यांत हा अग्रभागी ठेवावा लागतो.

मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी आली, युद्धकाळात ती ढिली पडली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि ६ एप्रिल १९५० पासूनची पूर्ण बंदी यांनी माडी-ताडीची उघड विक्री थांबवली. नीरेला कायद्याने वेगळे स्थान दिले आणि तिची विक्री केंद्रे मुंबई-पुण्यात उभी राहिली. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तिथे बंदी नव्हती. तिथल्या रेंदेराला कायद्याने नव्हे, तर बदललेल्या काळाने मागे ढकलले. पोदेरांनी कारखान्यातले यीस्ट घेतले, बाटलीतला शिर्का आला, मुले शिकून आखाती देशांत किंवा जहाजांवर गेली. दिवसातून तीनदा उंच माड चढण्यात पडून जायबंदी होण्याची भीती कायम होती आणि त्या जोखमीच्या मानाने मिळकत थोडी होती. नव्या पिढीने हा धंदा सोडला तर तिला दोष देता येत नाही.

अलीकडे छेवण्याला पुन्हा मागणी आली आहे. २०२० मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डहाणू परिसरातल्या सुमारे २०० कारागिरांना नीरा आणि ताडगुळाचे प्रशिक्षण व अवजारे दिली. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने पोयीला जोडायची शीतपेटी तयार केली आहे. रस पडतो तोच २-३ अंश सेल्सियसच्या थंडीत, त्यामुळे चुना न लावताही तो आंबत नाही. अशा रसाला संस्थेने कल्परस हे नाव दिले आहे. त्यापासून केलेली साखर शहरांतल्या दुकानांत चांगल्या भावाने जाते. शीतपेटीमुळे रस टिकवण्याची अडचण सुटली, पण पोय ठोकणे आणि रोज पातळ चकती कापून छेव देणे यासाठी अजून माणूसच माडावर चढतो, आणि हे काम शिकवणारे जुने हात दरवर्षी कमी होत आहेत.